फ्रेरिया: एका नावाची कुळकथा

श्रावण-भाद्रपदात सज्जनगडाच्या उभ्या कड्यांवर, जेथे खडकाच्या खाचेत बोटभरही माती साचत नाही, तेथे जाड, मांसल कांड्यांच्या टोकांशी पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी फुले पंचकोनी ताऱ्यांसारखी उमललेली दिसतात. रुईच्या कुळातील या वनस्पतीला मराठीत शिंदळ माकुडी म्हणतात. शास्त्राच्या दप्तरी मात्र तिची नोंद 'फ्रेरिया इंडिका' अशी झाली. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे प्रमुख असलेले स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डाल्झेल यांनी 1865 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले.

हाताखालच्या अंमलदाराने गव्हर्नरास केलेला मुजरा म्हणून हे नामकरण बाजूस सारणे सोपे आहे; परंतु ज्या घराण्याचे हे नाव, त्याची निसर्गेतिहासाशी ओळख डाल्झेलहून जुनी होती. बार्टल यांचे आजोबा जॉन फ्रेअर यांनी 1797 साली इंग्लंडातील हॉक्स्नी या खेड्यात, विटांच्या मातीसाठी खणलेल्या खाणीत, सुमारे बारा फूट खोलीवर सापडलेली गारगोटीची हत्यारे पाहिली, त्याच खाणीत निघालेल्या अनोळखी, प्रचंड प्राण्यांच्या हाडांची नोंद केली आणि ही हत्यारे धातू ठाऊक नसलेल्या अतिप्राचीन मानवाची असली पाहिजेत, असे लिहून कळविले. सृष्टीचे वय काही सहस्र वर्षेच मानणाऱ्या त्या काळात या पत्राकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. सुमारे साठ वर्षांनंतर विद्वानांना त्याची किंमत कळली.

नातू साताऱ्यास रेसिडेंट म्हणून आला तो 1847 साली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1848 रोजी, छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्युशय्येवर त्यांनी दत्तक घेतला होता. तो दत्तक मान्य व्हावा, असे मत फ्रेअर यांनी मुंबईस कळविले आणि त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचाही कल तिकडेच होता; तथापि गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या धोरणापुढे दोघांचे काही चालले नाही आणि 1849 साली राज्य खालसा झाले. ज्या गादीच्या बाजूने लेखणी चालविली, तिच्याच मुलखाचा कारभार कमिशनर म्हणून 1850 पर्यंत फ्रेअर यांना पाहावा लागला, ही गोष्ट मला फार खिन्न करणारी वाटते. त्यांच्या पुढील कारकीर्दीत, विशेषतः दक्षिण आफ्रिकेत, निषेधार्ह असे पुष्कळ घडले; म्हणून साताऱ्याच्या दत्तकाविषयीचे त्यांचे मत विसरावे असे मला वाटत नाही.

त्यांची कन्या मेरी हिने वडिलांच्या दख्खनच्या दौऱ्यात ॲना लिबेराता डिसूझा या आयेकडून ऐकलेल्या कहाण्या 1868 साली 'ओल्ड डेक्कन डेज' या ग्रंथात छापल्या. पणजोबांनी हत्यारे टिपली, तशी पणतीच्या मुलखगिरीत लोककथा टिपली गेली.

पुढे आयर्लंडातील ट्रामोर येथे जन्मलेले आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, त्यातही फ्रेरिया आपल्या जागी आहे. नंतरच्या संशोधकांना तिचे स्वतंत्र गोत्र पटले नाही. 1958 साली गॉर्डन रोली यांनी तिला कॅरालुमा या प्रजातीत घेतले. पण तेथे 'इंडिका' हे विशेषण दुसऱ्याच वनस्पतीकडे आधीपासून होते, म्हणून त्यांनी 'फ्रेरी' हे नवे विशेषण दिले, आणि आता बुसेरोसिया या प्रजातीतही तेच कायम आहे. अशा रीतीने आडनावाच्या जागचे फ्रेअर पाळण्यातल्या नावाच्या जागी आले. शिवनेरी, पुरंदरचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर ही वनस्पती आज दुर्मिळ होऊन राहिली आहे. पाऊस सरला की ती पाने टाकते, आणि मग उघड्या कातळावर तिची करडी कांडी तेवढी उरतात.