तगाझा : मिठाच्या घरांचे गाव

१/ सहारा वाळवंटात, आजच्या माली देशाच्या उत्तरेला, तगाझा नावाचे उजाड ठिकाण आहे. एकेकाळी तेथील घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांनी बांधलेली होती. छपरे उंटाच्या कातड्याची. पाऊस जवळजवळ नसल्याने या भिंती टिकत.

२/ हे वर्णन इब्न बतूताचे. महाराष्ट्रातील दौलताबाद पूर्वी पाहून गेलेला हा प्रवासी १३५२ मध्ये मोरोक्कोतील सिजिलमासा येथून निघाला आणि २५ दिवसांनी तगाझाला पोहोचला. मचूळ पाणी आणि माश्यांचा उपद्रव यांचीही त्याने नोंद केली आहे.

३/ येथे मिठाचे थर जमिनीखाली एकावर एक आहेत. ते खणून मोठ्या लाद्या काढत. एका उंटावर दोन लाद्या लादल्या जात.

४/ एका उंटाच्या ओझ्याला वलाता येथे ८ ते १० मिस्काल सोने मिळे, तर माली साम्राज्याच्या राजधानीत २० ते ३०, क्वचित ४०. मिठाचे तुकडे नाण्यांप्रमाणेही चालत.

५/ एवढी किंमत का? दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात सोने होते, पण मीठ दुर्मिळ. उष्ण हवामानात माणसांना आणि गुराढोरांना त्यावाचून गत्यंतर नव्हते.

६/ हे मीठ खणत मसूफा टोळीचे गुलाम. तगाझात धान्य पिकत नसे. खजूर उत्तरेकडून येई, बाजरीसारखे धान्य दक्षिणेकडून. सोळाव्या शतकातील लेखक लिओ आफ्रिकानस सांगतो की, व्यापारी वेळेवर न आल्यास खाणकामगार उपासमारीने मरत.

७/ याच खाणींवरून मोरोक्कोचे सादी सुलतान आणि सोंघाई साम्राज्य यांच्यात संघर्ष पेटला. सुलतान अहमद अल्-मन्सूरची नजर सोन्यावरही होती. १५९१ मध्ये तोंदिबीच्या लढाईत त्याच्या बंदुकधारी सैन्याने सोंघाईचा पराभव केला.

८/ त्याच सुमारास तगाझा ओस पडले आणि आग्नेयेस सुमारे १५० किलोमीटरवरील ताऊदेनीच्या खाणी पुढे आल्या. तेथून तिंबक्टूकडे मीठ नेणारे उंटांचे तांडे ‘अझालाई’ म्हणून ओळखले जातात.

९/ १९६९ ते १९८८ या काळात माली सरकारने ताऊदेनी येथे तुरुंग चालवला. राजकीय कैद्यांना तेथे मीठ खणावे लागे आणि कित्येकांचा तेथेच अंत झाला. भोवतीचे वाळवंटच पहारा देत असे.

१०/ साम्राज्यांच्या इतिहासात या मिठाचा भाव आढळतो. ते खणणाऱ्यांची नावे मात्र बहुतांशी अज्ञातच राहिली.