'यो' आणि इंग्रजीची सावली

दोन भाषा एका घरात नांदू लागल्या की शब्दांची उसनवारी चटकन लक्षात येते. व्याकरणाचे मात्र तसे नसते. म्हणूनच अमेरिकेतील स्पॅनिशचे उदाहरण आम्हांस महत्त्वाचे वाटते.

न्यू मेक्सिकोत स्पॅनिश वसाहत १५९८ मध्ये झाली. ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने १८४८ मध्ये हा मुलूख अमेरिकेकडे गेला. रहिवाशांच्या नागरिकत्वाची आणि मालमत्तेची हमी तहात आहे, भाषेची नाही. म्हणजे येथे स्पॅनिश परदेशातून इंग्रजीच्या दारी आलेली नव्हे, इंग्रजीच तिच्या अंगणात आली. १९१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य झाले, तेव्हा पहिली वीस वर्षे कायदे दोन्ही भाषांत छापण्याची तरतूद त्याच्या घटनेत होती. पुढे शाळांतून मात्र स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. ऑरेलियो एस्पिनोसा १९०९ पासून या बोलीची नोंद करीत होते.

आता व्याकरणाकडे वळू. स्पॅनिश क्रियापद मराठीप्रमाणेच कर्त्याची ओळख अंगावर वागवते. आपण 'उद्या येतो' म्हणतो, 'मी'वाचून अडत नाही. स्पॅनिशमध्येही 'आब्लो' एवढ्यानेच 'मी बोलतो' असे होते. 'यो' म्हणजे 'मी', तो कारणापुरता येतो. इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही. तेव्हा द्विभाषकांच्या तोंडी 'यो' वाढेल, हा तर्क सहज सुचतो. रिकार्दो ओतेगी आणि आना सेलिया झेंतेया यांनी न्यूयॉर्कमधील १४० जणांच्या मुलाखती अभ्यासून २०१२ मध्ये तसा निष्कर्ष काढला: तेथे वाढलेल्या पिढीत सर्वनामांचा वापर नवागतांपेक्षा अधिक आढळला. पण तेथे कॅरिबियन स्पॅनिशही नांदते, आणि तिच्यात सर्वनामे मुळातच जास्त येतात. म्हणजे बोलीबोलींचा शेजारही हिशेबात धरावा लागतो.

न्यू मेक्सिकोचा निकाल याच्या उलट लागला. रेना तोरेस काकोयोस आणि कॅथरीन ट्रॅव्हिस यांनी २०१८ च्या ग्रंथात त्याच माणसांची स्पॅनिश त्यांच्याच इंग्रजीशी ताडून पाहिली. एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळणाऱ्या या लोकांच्या स्पॅनिशमधील सर्वनामांचे नियम स्पॅनिशचेच राहिले होते. 'सरमिसळ म्हणजे बिघाड' हे समीकरण येथे उभे राहत नाही. शाळामास्तरांनी मुलांना ज्यासाठी लाजवले, त्या बोलण्यातही कर्त्याचे व्याकरण शाबूत होते.

लॉस एंजेलिसमध्ये तीन पिढ्यांचा अभ्यास करून कार्मेन सिल्व्हा-कोर्वालान यांनी १९९४ मध्ये जे मांडले ते अधिक गुंतागुंतीचे आहे. संकेतार्थ-इच्छार्थाची रूपे पिढीगणिक विरळ होत गेली. 'असणे' या अर्थाच्या दोन क्रियापदांपैकी 'एस्तार'ने 'सेर'च्या जागा घेतल्या. परंतु ही वाटचाल मेक्सिकोतील एकभाषिकांतही सुरू होती. इंग्रजीच्या सान्निध्याने तिला वेग आला इतकेच. आमच्या मते हा फरक निर्णायक आहे: संपर्क नेहमीच नवी वाट काढतो असे नाही, पुष्कळदा तो उतारावरच्या गाडीला हलका धक्का देतो. इंग्रजीचे रोजचे दडपण आणि स्पॅनिश ऐकण्या-बोलण्याचे कमी झालेले प्रसंग, यांत दुसरे कारण अनेकदा अधिक बळकट ठरते.

'ते यामो पारा आत्रास' (तुला परत फोन करतो) हा प्रयोग तर टीकाकारांचा आवडता. इंग्रजीची छाया त्यावर आहे हे खरे. पण शब्दही स्पॅनिश, जुळणीही स्पॅनिश. बदलली आहे ती कल्पना मांडण्याची रीत. ओतेगींनी अशा प्रयोगांना व्याकरणाची उसनवारी म्हणण्यास हरकत घेतली, ती आम्हांस रास्त वाटते.

याउलट व्याकरण खरोखर वाकलेले पाहायचे तर दूर जायला नको. सांगली जिल्ह्यातील ज्या गावाचा उल्लेख 'कुपवार' असा झाला, तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना शतकांच्या सहवासाने जवळजवळ एकरूप झाल्याचे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले; शब्द मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले. तेथे कोणतीच भाषा मरू घातलेली नव्हती, प्रत्येकीची घरे आणि कामे ठरलेली होती. न्यू मेक्सिकोत आज नातवंडे पुष्कळदा इंग्रजीतच उत्तर देतात. शाबूत राहिलेले ते व्याकरण बोलायला पुढची पिढीच कमी पडते आहे.