छोटा आर्ली

छोटा आर्ली (ग्लेरिओला लॅक्टिआ) हा चिमणीपेक्षा किंचित मोठा, वाळूच्या रंगाचा, आखूड पायांचा आणि लांब टोकदार पंखांचा नदीकाठचा पक्षी. चोच व डोळा यांच्यामध्ये काळी रेघ असते. उडताना पंखांखालचा काळापांढरा भाग चटकन नजरेत भरतो. दिवस मावळताना त्याचे थवे पाण्यावर किडे टिपत फिरू लागले, की कोणीही त्यांना भिंगऱ्याच म्हणेल. खुद्द लिनिअसने १७६६ मध्ये त्याच्या युरोपीय भाईबंदाला भिंगरीच्याच प्रजातीत घातले होते. अर्थात खाणे हवेतले असले, तरी संसार जमिनीवरचा, आणि आजचे वर्गीकरणही त्याला टिटव्या व सुरयांच्याच गणात ठेवते. त्याला पाणपक्षी म्हणण्याची रीत आहे, पण त्याची खरी गरज पाण्यापेक्षा ओसरलेल्या पाण्याची आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पात्रातली वाळूची आणि गोट्यांची बेटे उघडी पडली, की तिथल्या नुसत्या खळगीत मादी दोन ते चार अंडी घालते. ठिपकेदार, मातकट अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ऊन तापले की आईबाप पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसतात. म्हणजे पाणी हाकेच्या अंतरावर हवे, पण घरट्यात शिरता कामा नये.

यावर कोणी म्हणेल, धरणांनी तर या पक्ष्याचे भलेच केले. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणकडे, तो सहज दिसतो. जागतिक यादीतही तो धोक्याबाहेरचा गणला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु दिसणारा थवा चाऱ्याची साक्ष देतो, विणीची नव्हे. धरणाकाठचा गाळपेरा पाणी हटताच नांगराखाली येतो. धरणाखाली तर ऐन उन्हाळ्यात पाणी चढते: सोलापूरला पिण्यासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडतात, आणि ते बेटावर अंडी आहेत की नाहीत हे पाहून येत नाही. सोलापूरकरांना तहानलेले ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. विसर्ग हळूहळू वाढवणे मात्र अशक्य कोटीतले नाही. वाळूउपशाला एवढीही सबब नाही, कारण पाणी ओसरते पण उपसलेले बेट त्या हंगामात परत येत नाही. छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात बजावले. चोरटा उपसा त्यानेही थांबलेला नाही.

सिल्वासाजवळून वाहणाऱ्या दमणगंगेला हाच हिशेब लागू आहे. सह्याद्रीतून उतरून दमणला समुद्राला मिळणाऱ्या या नदीचे खालचे पाणी आता मधुबन धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. तेव्हा ही नदी आर्लीला कितपत मानवते हे हिवाळ्यातल्या पक्षीगणनेवरून ठरवू नये. मार्चमध्ये पात्रातला एखादा गोट्यांचा पट्टा सलग काही आठवडे कोरडा राहतो का, आणि तिथे ट्रॅक्टर, गुरे, कुत्री पोहोचतात का, हे पाहावे.