टँटॅलसची तहान

१८०२ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अँडर्स एकेबर्ग यांना एक नवा धातू सापडला. आम्लात बुडवूनही तो आम्लाला दाद देईना. म्हणून पाण्यात उभे राहूनही तहानलेल्या, ग्रीक पुराणातील टँटॅलसवरून त्यांनी त्याचे नाव टँटॅलम ठेवले.

कोलटान या काळ्या खनिजातून हा धातू मिळतो. मोबाइलमधील चिमुकले कपॅसिटर त्याचे बनतात. पूर्व काँगोत मजूर कुदळ-फावड्याने कोलटान खणतात. २००० साली त्याचे भाव भडकले, तेव्हा तिथे युद्ध पेटलेले होते. खनिजांची लूट युद्धाला पोसते, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये जगापुढे मांडले. २०१० मध्ये अमेरिकेने कायदा केला. तरी २०२४ मध्ये रुबायाच्या खाणी एम२३ बंडखोरांच्या हाती गेल्या.

काँगोला लूट नवी नाही. बेल्जियमच्या राजा दुसऱ्या लिओपोल्डने रबरासाठी माणसे चिरडली. हिरोशिमावरील बॉम्बचे बरेचसे युरेनियमही इथल्याच शिंकोलोब्वे खाणीतले.

टँटॅलसला निदान स्वतःच्या अपराधाची शिक्षा मिळाली होती. दौलतीवर उभ्या असलेल्या या तहानलेल्या मजुराचा गुन्हा कोणता? आपल्या खिशातला मोबाइल हा प्रश्न रोज वागवतो आहे.