गुलामगिरी संपली, तुरुंग उरले

वर्गात महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’विषयी बोलत होतो. १८७३ साली आलेला हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे मी सांगितले. एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे तिथली गुलामगिरी तेव्हा संपली होती ना?” मला चटकन ‘हो’ म्हणता आले नाही.

१८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत गुलामगिरी बंद झाली. पण त्यात एक अपवाद ठेवला होता: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतील राज्यांनी नेमका हाच अपवाद धरला. मिसिसिपीत त्याच वर्षी कायदे झाले. मुक्त झालेल्या काळ्या माणसाला दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवावा लागे. काम नसेल तर तो ‘भटक्या’ ठरे. दंड भरता आला नाही, तर जो तो भरेल त्याच्याकडे राबावे लागे. पुढे कैदीच खाणींना, रेल्वेला आणि मळ्यांना भाड्याने दिले जाऊ लागले. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली.

१९७० च्या सुमारास अमेरिकेच्या संघीय व राज्य तुरुंगांत सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ पर्यंत ते सोळा लाखांवर गेले. या वाढीमागच्या अनेक कायद्यांपैकी एक १९८६ चा. पाच ग्रॅम क्रॅक कोकेन विकणाऱ्याला किमान पाच वर्षे कैद. भुकटीच्या कोकेनसाठी तेवढीच शिक्षा पाचशे ग्रॅमला. कायद्यात रंगाचा उल्लेख कुठेच नव्हता, पण क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुतेक जण काळे होते. २०१० मध्ये हा शंभर पटींचा फरक अठरा पटींवर आणला. काळ्यांची लोकसंख्या शंभरात सुमारे तेरा, या तुरुंगांत मात्र शंभरात तीसहून अधिक.

आपल्याकडे लोकसंख्येच्या मानाने कैदी बरेच कमी आहेत. पण २०२२ च्या अखेरीस त्यांतील शंभरपैकी सुमारे ७६ जणांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. म्हणून नुसती कैद्यांची संख्या पाहून न्याय कळत नाही. आत कोण आहे आणि कोणत्या कायद्याने, हेही विचारावे लागते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला एवढेच सांगितले, “बेटा, कायदा वाचताना ‘परंतु’ आला की थांबायचं. पुढचं वाक्य कोणासाठी लिहिलंय, ते बघायचं.”