शेवटचा माणूस

१५ फेब्रुवारी १९८८ रोजी बीबीसी टूवर ‘रेड ड्वार्फ’ ही विनोदी मालिका सुरू झाली. लेखक रॉब ग्रँट आणि डग नेलर. हाती पैसा बेताचा, त्यामुळे अवकाशयान म्हणजे करड्या भिंती आणि एकावर एक दोन खाटा. दाखवायला फारसे काही नाही, म्हणून माणसे बोलत बसतात. तेच मालिकेचे बळ ठरले.

गळतीत जहाजावरचे सगळे मरतात. चोरून मांजर आणल्याबद्दल गोठवून ठेवलेला डेव्ह लिस्टर तेवढा वाचतो. तीस लाख वर्षांनी जागा होतो, तेव्हा तो विश्वातला शेवटचा माणूस असतो. सोबतीला मेलेल्या वरिष्ठाची, रिमरची, प्रकाशातून उभी केलेली प्रतिमा आणि त्या मांजराच्या वंशातला एक नटवा. रिमर परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला. एकदा तर उत्तरपत्रिकेत एकच वेडगळ वाक्य चारशे वेळा लिहून बेशुद्ध पडलेला. माझ्यासारख्या शिक्षकाला हा माणूस परका वाटत नाही.

मांजराचे पात्र कृष्णवर्णीयांना अपमानकारक तर वाटणार नाही ना, हे विचारण्यासाठी संहिता लिव्हरपूलचा तरुण कवी क्रेग चार्ल्सकडे गेली. त्याने ती वाचली आणि लिस्टरचे कामच मागितले. लिव्हरपूलच्या टॉक्सटेथ भागात १९८१ साली पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात दंगल पेटली होती. त्यानंतर सातच वर्षांनी अख्ख्या मानवजातीचा शेवटचा प्रतिनिधी म्हणून लिव्हरपूलचा एक मिश्रवंशीय पोरगा पडद्यावर आला. आळशी, मळक्या कपड्यांचा, व्हिंदालूवर जीव टाकणारा. (हा पदार्थ मूळचा आपल्या गोव्याचा!) त्याच्या रंगावर भाषण नाही, त्याला सज्जनपणाचा दाखला द्यावा लागत नाही. आपल्या चित्रपटांतले नेक रहीमचाचा आणि टोपीवाले खलनायक पाहत वाढलेल्यांना यातली मोकळीक कळेल.

पहिल्याच मालिकेतला एक भाग मला फार आवडतो. मांजरांच्या वंशजांनी लिस्टरला देव मानलेले असते. त्याच्या स्वप्नातल्या खानावळीतल्या टोप्या लाल की निळ्या, यावरून त्यांच्यात धर्मयुद्ध होते, असंख्य मरतात. लिस्टर हताश होऊन सांगतो, टोप्या हिरव्या असणार होत्या. हसू येते आणि तिथेच अडकते. आपल्याकडच्या फिरक्यांचे वाद ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना तर जास्तच.

मालिका १९९९ला थांबली, २००९ला दुसऱ्या वाहिनीवर परतली, २०२०मध्ये पुन्हा एक मोठा भाग आला. यंत्रे, मुखवटे सुधारले. खोलीतले भांडण मात्र तेच आहे.