लस आणि लोकविश्वास

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने प्रवेश केला. सरकारने सक्तीचा मार्ग पत्करला. घरझडत्या सुरू झाल्या. रुग्णांना आप्तांपासून तोडून रुग्णालयात नेले जाऊ लागले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि ऑक्टोबरात आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला.

शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरीही जनमनातील भीती सरेना. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. मग त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने पुढे आले.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, परंतु लोकविश्वासास गेलेला तडा सहजी सांधला गेला नाही.

कायदा दार उघडवू शकतो, मन नव्हे. त्यासाठी समाज ज्यांना मानतो, त्यांनीच प्रथम दंड पुढे करावा लागतो. सामाजिक संस्थांचे खरे उत्तरदायित्व हेच होय.